काजळ्या परीक्षकांसमोर बसला

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी काजळ्या परीक्षकांसमोर जाऊन बसला.

बसायचं होतं सहा बरण्यांपैकी एकीसमोर. बरण्या मैदानाच्या पश्चिम कडेला, दोन-दोन पावलांवर, लाकडी स्टुलांवर मांडल्या होत्या. परीक्षकांचं टेबल पूर्वेला, तिथून पस्तीस पावलांवर. काजळ्यानं सहाही बरण्या हुंगल्या, चौथीपाशी क्षणभर रेंगाळला, सहावीपाशी नाक वर करून वारा घेतला, वळला आणि हवालदार बाईंना पट्ट्यासकट ओढत थेट टेबलाकडे निघाला. परीक्षक असलेल्या डॉक्टरांच्या बुटांपासून हातभर अंतरावर त्यानं बूड टेकलं, कान उभे केले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

पोलिसांच्या कुत्र्यानं असं बसण्याचा अर्थ एकच असतो. भुंकायचं नाही, अंगावर जायचं नाही. ज्याचा वास दिला तो माणूस हा, एवढं सांगून गप्प बसायचं.

मैदानावर कुणी हसलं नाही. डॉक्टरांसमोर हसायची पद्धत नव्हती. सव्वीस वर्षं ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून पोलिसांच्या कुत्र्यांच्या परीक्षा घेत होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, काजळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि समोरच्या फॉर्मवर लिहिलं : लक्ष्य ओळखले नाही. पुढच्या चौकटीत शून्य.

"घेऊन जा," ते म्हणाले.

बाईंनी पट्टा आवळला. काजळ्या उठेना. त्याचं डोकं आता बाईंच्या उजव्या खिशाकडे वळलं होतं. त्या खिशात रबरी चेंडू असायचा आणि बरोबर काम केलं की तो मिळायचा. गेली साडेसहा वर्षं दोघांमधला करार तेवढाच होता. चुकीच्या कामाला चेंडू द्यायचा नाही हाही त्याच कराराचा भाग. बाईंनी खिशावर हात ठेवला आणि त्याला ओढत पिंजऱ्याकडे नेलं. वाटेत तो तीनदा थांबला. तीनही वेळा त्यानं खिशाकडे पाहिलं.

नियमाप्रमाणे प्रत्येक कुत्र्याला दरवर्षी ही परीक्षा द्यावी लागते आणि आठ वर्षांवरचा कुत्रा नापास झाल्यास त्याला दुसरी संधी नसते. काजळ्याला आठ वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत चालणार होतं. त्या दिवशी बारा तारीख होती. प्रमाणपत्र संपलं की काजळ्या नोकरीतून बाद. ठाण्याकडे कुत्रा हा एकच, त्यामुळे श्वानपथकही बाद. काजळ्याची रवानगी दोनशे किलोमीटरवरच्या निवृत्त कुत्र्यांच्या आवारात, आणि बाईंची पुन्हा वाहतूक शाखेत. पथकात येण्याआधी सात वर्षं त्या मोठ्या चौकात शिट्टी फुंकत उभ्या होत्या. त्या नोकरीतून त्यांनी घरी काय आणलं असेल, तर खोकला.

पिंजऱ्याशी मामा वाट पाहत होते. मामा म्हणजे कुत्र्याचं खाणंपिणं, साफसफाई बघणारे. बदलून आलेल्या प्रत्येक साहेबापेक्षा जुने.

"काय गं, काय झालं?"

"डॉक्टरांसमोर बसला."

मामांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मग? उचललं का त्यांना गाडीत?"

"मामा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. साडेसहा वर्षांत तो खोटा बसलाय का कधी?"

याचं उत्तर बाईंच्या वहीत होतं. वही त्यांची स्वतःची, सरकारी नव्हे. काजळ्याच्या प्रत्येक कामाची तारीख, वेळ, वारा आणि निकाल त्यात लिहिलेला. एकशे अठ्ठावीस कामं. त्रेसष्ट वेळा माग शेवटपर्यंत लागला. बावन्न वेळा मध्येच तुटला. पाऊस, रहदारी, नाही तर चोर गाडीत बसून गेलेला. तेरा वेळा सुरुवातच झाली नाही. सापडलेल्यांत हार्डवेअरचं दुकान फोडणारे चोर होते, शाळेतून पळालेली दोन भावंडं होती, आणि घर विसरून रोपवाटिकेच्या काचघरात कुंड्यांमध्ये झोपलेली एक आजी होती. तिनं जागी झाल्यावर काजळ्यालाच विचारलं होतं, "एवढा उशीर का केलास?" चुकीच्या माणसासमोर बसल्याची नोंद एकही नव्हती.

बाई पिंजऱ्याबाहेरच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी सकाळची नोंद लिहिली. दहा एकतीस, वास दिला. दहा तेहतीस, पहिली बरणी. वारा पूर्वेकडून, मंद, गार. दहा चाळीस, डॉक्टर. निकालाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. नाक म्हातारं होतं हे त्यांना ठाऊक होतं. ते कुणाला सांगून होत नाही, हेही. काजळ्याच्या डोळ्यांभोवतीचा काळा रंग, ज्यावरून त्याला हे नाव पडलं होतं, तो या हिवाळ्यात कडेनं पांढरा होऊ लागला होता. पण त्यानं पाय ओढला नव्हता, गोंधळून गोल गोल फिरला नव्हता. माणसानं ओळखीच्या घराची कडी वाजवावी तसा तो त्या टेबलाकडे चालत गेला होता.

तेवढ्यात शेजारच्या गावचा हवालदार आपला अक्राळविक्राळ कुत्रा घेऊन आला. त्याला सगळे पहिलवान म्हणत. कुत्र्याला नव्हे, हवालदाराला. त्याच्या कुत्र्याची परीक्षा नऊ वाजताच, दुसरा माणूस आणि दुसऱ्या बरण्या ठेवून झाली होती. पास.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," पहिलवान म्हणाला. "डॉक्टरांना पकडायची इच्छा आम्हा सगळ्यांचीच होती. हिंमत तुमच्या काजळ्यानं केली."

"तुझा कुत्रा पास झाला ना? घरी जा आता."

"जातो. पण आक्षेपाचं बघा. चारपर्यंत वेळ असते. लेखी द्यावा लागतो."

"काय लिहू? कुत्र्याला डॉक्टर आवडले?"

पहिलवानानं खांदे उडवले. आक्षेप घ्यायची सोय नियमात होती खरी. हस्तकानं, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्या पोलिसानं, त्याच दिवशी चारच्या आत कारण लिहून द्यायचं आणि ते कारण निरीक्षणावर आधारलेलं असायला हवं. निराधार निघालं तर हस्तकाच्या सेवापुस्तकात शेरा. डॉक्टरांच्या परीक्षेवर आजवर कुणी आक्षेप घेतला नव्हता, कारण त्यांच्या परीक्षेत बोट ठेवायला जागा नसे. बरणीतला कपडा ते चिमट्यानं उचलत. बरण्या आदल्या संध्याकाळी स्वतः उकळून घेत. स्टुलांमधलं अंतर दोरीनं मोजत.

साडेबाराला रोजच्यासारखा सासूबाईंचा फोन आला.

"जेवलीस का?"

"नाही अजून, आई."

"आणि तो?"

"त्याचा निकाल लागला. नापास."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "काय विचारलं होतं?"

बाईंनी सांगितलं. सासूबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही, म्हणजे त्यांना खरंच लागलं होतं. सुरुवातीला याच सासूबाईंनी सुनेच्या गणवेशावरचे केस बघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हद्द आखली होती. नंतर सुट्टीच्या दिवशी काजळ्या घरी येऊ लागला आणि हद्द हळूहळू मागे सरकत गेली. आता त्या त्याला धाकटा म्हणत आणि मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं सांगत की घरात एकदा हाक मारल्यावर येणारा हा एवढाच.

"तो डॉक्टर कसा आहे माणूस?" त्यांनी विचारलं.

"कडक. पण सरळ."

"मग त्यालाच विचार की. त्याच्यासमोर बसला ना? त्याच्याकडे काहीतरी असणार. धाकटा उगाच कुणाच्या दारात बसत नाही. आणि आधी जेव."

बाई उपाहारगृहात गेल्या ते जेवायला, विचारायला नव्हे. सव्वा वाजला होता. खिडकीजवळच्या टेबलावर टपाल शाखेचा कारकून बसला होता. चाळिशीचा, काडीसारखा, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेला. त्याचं नाव अजून कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं, म्हणून त्याला टपालच म्हणत. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात तो चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून शिंकत होता.

"माफ करा बाई," तो म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही. तुमचा चोर मीच होतो."

परीक्षा अशी असते. कार्यालयातला एक माणूस चोर म्हणून निवडतात आणि त्याचं नाव हस्तकापासून लपवतात. त्याच्या अंगाचा एक कपडा आदल्या दिवशी घेऊन बरणीत बंद करतात. बाकीच्या पाच बरण्यांत इतरांचे कपडे. परीक्षेच्या सकाळी तोच माणूस दुसरा एक स्वच्छ कपडा अर्धा तास काखेत धरून बसतो. हा दुसरा कपडा कुत्र्याला हुंगवतात. त्यावरून त्यानं त्या माणसाची बरणी ओळखायची.

"चौथी बरणी तुमची का?" बाईंनी विचारलं.

"चौथी. माझ्यापाशी थांबला होता की तो. मला वाटलं, बसला आता."

"मलाही वाटलं." बाईंनी ताट पुढे ओढलं. मग त्यांचं लक्ष त्याच्या उघड्या कोपरांकडे गेलं. "सकाळी स्वेटर होता ना तुमच्या अंगात? करडा. आवारातून जाताना बघितलं मी. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या."

"तो माझा कुठला? डॉक्टरांचा."

बाईंचा घास हातातच राहिला.

"सकाळी काय थंडी होती," टपाल सांगू लागला. "मी आलो असा. दातावर दात वाजत होते. डॉक्टरांनी बघितलं, अंगातला स्वेटर काढला आणि माझ्या डोक्यावरून घातला, लहान मुलाला घालतात तसा. म्हणाले, थरथरत बसलास तर कपडा खाली पडेल. लोक म्हणतात कडक, कडक. माणूस मायाळू आहे हो."

"कपडा काखेत धरलात तो स्वेटरच्या आत की बाहेर?"

टपालनं पेला खाली ठेवून आठवून पाहिलं. उजवा हात उचलून, काखेत काहीतरी दाबून दाखवलं. "बाहेरून. आतला शर्ट घट्ट, वर स्वेटर. आत हात जाईना."

"आणि स्वेटर परत कधी दिलात?"

"अर्धा तास झाला की लगेच. दहा-सव्वादहा. त्यांनी तो तिथल्या तिथे अंगात चढवला. त्यांनाही थंडी वाजतच असणार."

बाईंनी वही काढली आणि जेवण तसंच ठेवून लिहायला घेतलं. काजळ्याला जो वास दिला तो टपालचा नव्हताच. तो करड्या लोकरीत मुरलेल्या डॉक्टरांचा होता आणि वर थोडा टपाल. चौथ्या बरणीत नुसता टपाल. काजळ्या तिथे रेंगाळला, कारण थोडं जुळत होतं. मग पूर्वेकडून वारा आला. त्या वाऱ्यात पस्तीस पावलांवरून डॉक्टर होते, त्यांच्या अंगावर तोच स्वेटर होता आणि त्या स्वेटरवर अर्धा तासभराचा टपालही होता. जे हुंगवलं होतं ते सगळं, त्याच मापात, एका खुर्चीवर बसलेलं.

"बाई, माझं नाव कुठे येणार नाही ना?" टपालनं विचारलं. "चोर झालं की पुढे कधीतरी अर्धा दिवस सुट्टी मिळते म्हणून मी हो म्हटलं होतं."

"तुमची चूक नाही यात."

"ते मला कळतं. वर कळेल का?"

बाईंनी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला आणि त्या उठल्या.

दोन वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर आपल्या जीपमध्ये डबा खात बसले होते. परीक्षेच्या ठिकाणी ते कुणाबरोबर जेवत नसत. कुणाच्या पंगतीला बसलं की निकालावर बोलणं येतं, असं त्यांचं म्हणणं. करडा स्वेटर अंगातच होता. उजव्या कोपराला घरच्या हातानं रफू केलेलं दिसत होतं.

"आक्षेप असेल तर लेखी द्या," बाई दिसताच ते म्हणाले.

"लेखी देते सर. पण आधी तोंडी सांगायचंय. ऐकून घ्या, मग तुम्ही म्हणाल तसं."

"तोंडी गोष्टींची मी नोंद घेत नाही."

"म्हणूनच आधी तोंडी."

डॉक्टरांनी चमचा डब्यात ठेवला. बाईंनी सांगितलं, वेळेसकट, कुणाला बोल न लावता. स्वेटरचा उल्लेख आला तेव्हा डॉक्टरांचा हात आपोआप गळ्याशी गेला. सांगून संपल्यावर त्यांनी काचेतून मैदानाकडे पाहिलं. बरण्या अजून स्टुलांवरच होत्या. मग त्यांनी स्वेटर डोक्यावरून काढला, बाहीला नाक लावलं आणि दीर्घ श्वास घेतला.

"मला काही वास येत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला येत असता तर आम्हा दोघांना नोकरीच मिळाली नसती, सर."

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी डबा बंद केला.

"कपडा काखेत देताना मी चिमटा वापरला," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "दोन वेळा हात धुतले. आणि ज्या काखेत द्यायचा तिच्यावर माझाच स्वेटर." त्यांनी बोटांनी स्टिअरिंगवर दोन-तीनदा वाजवलं. "चारशे अकरा परीक्षा घेतल्या मी, बाई."

"ठाऊक आहे."

"शून्य मी खोडू शकत नाही. सही झालेला फॉर्म. आणि आज पुन्हा परीक्षा नाही. एका कुत्र्याला एका दिवसात एकच. उद्या मी दुसऱ्या जिल्ह्यात आहे."

"मी शून्य खोडा म्हणायला आले नाही."

"मग?"

"काय झालं ते कुठेतरी लिहिलं जायला हवं. मी लिहिलं तर टपालचा जबाब घेतील. तो नवा माणूस आहे, घाबरेल, भलतंच काहीतरी बोलून बसेल. त्यानं नियम मोडला असंही कुणी म्हणेल."

"नियम मी मोडला." डॉक्टरांनी फायलीतून कोरा कागद काढला, बॉनेटवर ठेवला आणि गाडीतून उतरून उभ्यानंच लिहू लागले. अक्षर छापल्यासारखं. परीक्षेच्या मांडणीत दोष होता, दोष परीक्षकाचा. कपडा दूषित कसा झाला ते त्यांनी पाच ओळींत लिहिलं, स्वेटरच्या रंगासकट. कुत्र्यानं दाखवलेला माणूस दिलेल्या वासाशी जुळतो, हे एका वाक्यात लिहिलं. टपालचा उल्लेख फक्त 'संबंधित कर्मचारी' असा केला. निवृत्तीला सात महिने राहिलेला हा माणूस एकदाही न थांबता लिहीत गेला. बाईंनी ते मुद्दाम पाहिलं.

"तुमचं निवेदन जोडा," ते म्हणाले. "थोडक्यात. काय पाहिलंत तेवढंच."

बाईंनी पेन घेतलं. पहिली तीन वाक्यं सरळ आली. चौथ्याशी त्या थांबल्या.

सकाळी चौथ्या बरणीपाशी काजळ्या रेंगाळला तेव्हा बाईंच्या डाव्या हातानं पट्टा बोटभर आखूड केला होता. ठरवून नव्हे. कुत्रा आता बसेल असं वाटलं की हस्तकाचा हात आपोआप तसं करतो आणि कुत्र्याला ते कळतं. बस, असं बोलण्यासारखंच ते. यालाच पथकात सगळ्यात मोठा गुन्हा मानतात, कारण अशानं कुत्रा नाकाचं सोडून हाताचं ऐकायला शिकतो. काजळ्यानं हाताचं ऐकलं नाही ही त्याची कमाई. पण हात हलला होता. फॉर्मवर त्याची नोंद नव्हती, म्हणजे डॉक्टरांनी ते पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौथीपाशी मी पट्टा आवळला होता. बोटभर."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मला दिसलं नाही."

"मला दिसलं."

"हे लिहिलंत तर मुख्यालयात कुणीतरी त्यावरच बोट ठेवील. एका परीक्षेत दोन चुका, एक माझी, एक तुमची. म्हणतील, परीक्षा सदोष आणि हस्तकही सदोष, कुत्र्याचं वय झालंय, सोडून द्या."

"म्हणतील."

"मी सांगत नाही लिहा म्हणून. लिहू नका असंही सांगत नाही."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. डॉक्टरांचं पान शेजारीच होतं. शाई वाळत होती. त्यांनी चौथं वाक्य लिहिलं : क्रमांक चारच्या बरणीपाशी माझ्याकडून पट्टा अंदाजे एक बोट आखूड झाला, कुत्र्याने त्यास प्रतिसाद दिला नाही. खाली सही, हुद्दा, वेळ. तीन वाजून पाच मिनिटं.

लिफाफा टपालनंच नोंदवला. जावक क्रमांक घालताना त्यानं पत्ता वाचला, मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली तशी त्यानं शिक्का मारला. तीन पन्नासला लिफाफा मुख्यालयाच्या पिशवीत गेला.

बाई पिंजऱ्याकडे परतल्या तेव्हा मामा काजळ्याला मऊ ब्रशनं घासत होते आणि काजळ्या डोळे मिटून मान वर करून उभा होता.

"दुपारपासून खाल्लं नाही यानं," मामा म्हणाले. "रुसलाय."

"उधारी आहे त्याची." बाईंनी खिशातून चेंडू काढला.

पाच तास उशिरा चेंडू दिला तर कुत्र्याला त्याचा सकाळच्या कामाशी संबंध लागत नाही, असं प्रशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. बाईंनी ते पुस्तक दोनदा पाठ करून परीक्षा दिली होती. त्यांनी चेंडू मैदानाच्या टोकापर्यंत भिरकावला. काजळ्या पिंजऱ्याबाहेर असा सुटला की मामांच्या हातातला ब्रश उडाला. मग सव्वापाचपर्यंत दोघं तेच करत होते आणि मामा बाकावर बसून, थकले नाही म्हणत धापा टाकणाऱ्या बाईंची नक्कल करत होते.

संध्याकाळी घरी बाईंचे यजमान सायकलदुरुस्तीचं दुकान बंद करून आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना दारातच सगळी हकीकत सांगून टाकली, काही तपशील बाईंनाही नवे होते.

"म्हणजे आईनं केस सोडवली," ते हात धूत म्हणाले.

"नाही तर काय. ही नुसती वहीत लिहीत बसली होती."

"मग आता आईंनाच भरती करा, अहो," बाई म्हणाल्या. "श्वानपथकात जागा होईल बहुतेक."

"मला नको बाई पट्टा," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं काय होणार पण?"

"ठाऊक नाही. निकाल रद्द करून पुन्हा परीक्षा घ्यायची की नाही, ते मुख्यालय ठरवेल."

"पट्ट्याचं लिहायची काय गरज होती?" यजमानांनी विचारलं, सहज, दोष न देता.

बाईंनी थोडा विचार केला. "पुढच्या वेळी हात हलायला नको म्हणून," त्या म्हणाल्या. यजमानांनी टॉवेल खुंटीला लावला. त्या रात्री बाईंना झोप नीट लागली.

त्यानंतरचे दिवस नेहमीसारखेच गेले. प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत वैध होतं, त्यामुळे काजळ्या कामावर होता. हे वैध असणं साधं नाही. कुत्र्यानं चोर दाखवला की न्यायालयात वकिलाचा पहिला प्रश्न प्रमाणपत्राचाच असतो. एकोणीस तारखेला शाळेच्या नव्या इमारतीतून तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी गेली. काजळ्यानं खिडकीच्या चौकटीपासून माग काढला, दोन गल्ल्या, एक नाला आणि धुण्याच्या दोऱ्यांखालून गेला आणि पत्र्याच्या शेडमध्ये एका उलट्या टबासमोर बसला. टबाखाली तार होती. शेडचा मालक म्हणाला, आपल्याला काही ठाऊक नाही. मग काजळ्या त्याच्यासमोर जाऊन बसला. बाईंचा डावा हात पूर्ण वेळ सैल होता. एकशे एकोणतिसावी नोंद. माग शेवटपर्यंत.

ठाण्याच्या साहेबांनी त्या दिवशी पिंजऱ्याशी येऊन काजळ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाले, "मुख्यालयाचं काही कळलं का?"

"नाही सर."

"कळेल." असं म्हणून ते गेले. मामांनी सांगितलं, साहेबांनी स्वतः दोनदा फोन लावला होता.

तेवीस तारखेला डॉक्टरांचं कार्ड आलं. त्यात दोन ओळी होत्या : यापुढे मी परीक्षेला येताना दोन जादा स्वेटर आणणार आहे, नवे, धुतलेले, बंद पिशवीत. त्याची नोंद कार्यपद्धतीत करावी असे सुचवले आहे. काजळ्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. तसं लिहिणं त्यांच्या पद्धतीत बसलं नसतं.

आज सव्वीस तारीख. सकाळी अकराला बाईंनी मुख्यालयात फोन केला. नोंदणी विभागातल्या बाई चांगल्या आहेत, त्यांनी फाइल शोधून काढली. लिफाफा चौदा तारखेला पोचला. सोळाला उपसंचालकांनी दोन्ही निवेदनं वाचली, डॉक्टरांच्या पानावर खूण केली, हवालदार बाईंच्या चौथ्या वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात एक ओळ लिहून फाइल संचालकांकडे पाठवली. ती ओळ काय आहे ते फोनवर सांगता येत नाही. संचालक दौऱ्यावर आहेत. गुरुवारी, एकोणतीस तारखेला, प्रमाणपत्र संपायच्या तोंडावर परततील.